छाटणी: एक खरड, एक गोडी

बातमीत ‘छाटणी’ वाचलं की पोटात गोळा येतो. कुणाची तरी नोकरी गेलेली असते. कपात, काटछाट, काटकसर यांच्या पंगतीत आपण या शब्दाला बसवून टाकलंय. निफाड किंवा तासगावच्या द्राक्षबागेत मात्र छाटणी म्हणजे हंगामाची सुरुवात. ‘तुमची छाटणी कधीची?’ असं बागायतदार एकमेकांना विचारतात आणि फवारणी, फुलोरा, माल निघायची वेळ, सगळं त्या दिवसापासून मोजतात.

तीही वर्षातून दोनदा. युरोपात थंडीत वेलीची पानं गळतात, ती झोपी जाते आणि एकदाच छाटली जाते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: फळ देऊन गेलेल्या काड्या एक-दोन डोळे (जिथून नवी फूट येते त्या कळ्या) राखून कापायच्या. नव्या काड्या फुटतात, आणि पुढच्या साधारण 40 ते 60 दिवसांत त्यांच्या डोळ्यांच्या आत घडाची जडणघडण सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत आपण खातो त्या द्राक्षांचं भवितव्य असं मे-जूनच्या उन्हातच ठरतं. ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी तो घड बाहेर काढते.

पण कापल्यावर फूट का येते? 1933 च्या सुमारास थीमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे खुडून तिथे ऑक्सिन हे संप्रेरक लावलं. बाजूचे डोळे झोपूनच राहिले. म्हणजे डोळ्यांना दाबून ठेवतं ते शेंड्यातलं ऑक्सिन, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर पाहिलं, तर शेंडा कापल्यावर ऑक्सिन कमी झाल्याची वर्दी खाली पोचायच्या आधीच डोळे हलू लागले होते. त्यांच्यापर्यंत आधी पोचली ती साखर. वाढता शेंडा साखर स्वतःकडे ओढतो. तो गेला की काही तासांत ती डोळ्यांकडे वळते. शेंडा न कापता नुसती जादा साखर दिली, तरी डोळे जागे झाले.

मला यातलं हे ‘वळणं’ फार मोलाचं वाटतं. वेलीच्या छाटणीत काही वाचवून ठेवायचं नसतं. एकाच्या तोंडचा घास दुसऱ्याला मिळतो, आणि तो कुणाला मिळावा हे कात्री धरणारा ठरवतो.

म्हणूनच गोडी छाटणीआधी काडी तपासणी होते. बागेतल्या काही काड्या प्रयोगशाळेत नेतात, एकेक डोळा पात्याने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आत इवलासा घड असतो किंवा नसतो. कितव्या डोळ्यात आहे ते कळलं, की त्याच्या पुढे कात्री लावायची.