शौचालयाचे १२,००० रुपये: अर्ज करण्याआधी खड्ड्यांचा विचार करा

खेड्यात राहता आणि घरी शौचालय नाही? स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) मधून १२,००० रुपये मिळतात. ७,२०० केंद्राचे, ४,८०० राज्याचे. सरकारी कागदात याला ‘प्रोत्साहन अनुदान’ म्हणतात, म्हणजे साधारणपणे आधी पदरमोड करून बांधायचं, मग पैसे खात्यात. गवंड्याला शब्द देण्याआधी हे घरात बोलून घ्या.

दारिद्र्यरेषेखालचं कुठलंही कुटुंब पात्र आहे. रेषेच्या वर असाल तर अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, स्वतःचं घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग किंवा महिला कुटुंबप्रमुख यांपैकी एकात बसावं लागतं. आधी लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा मिळत नाही. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तर शिधापत्रिकाही वेगळी करून घ्या. नाहीतर पडताळणीत तिथेच घोडं अडतं.

अर्ज मिशनच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर आणि ओटीपीने करता येतो, किंवा थेट ग्रामपंचायतीत. आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो, शिधापत्रिका आणि गटात बसत असल्याचा दाखला जवळ ठेवा. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकच आहे ना, हे आधी पाहा. अर्ज ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीकडे जातो. मंजुरी हातात येईपर्यंत कुदळ मारू नका. बांधून झालं की शौचालयाचा फोटो ठिकाणासह ऑनलाइन चढवला जातो, त्यानंतर पैसे.

आता खड्डे. बरेच जण एकच खोल खड्डा घेतात, ‘एकदाच काय ते’ म्हणून. तो भरला की उपसायचा कोणी? शोषखड्डे दोन घ्या, प्रत्येकी साधारण एक मीटर रुंद आणि तेवढाच खोल, मध्ये एक मीटर अंतर. विटांच्या भिंतीत जाळीसारखी भोकं ठेवायची, तळ मातीचाच. विहीर किंवा बोअर किमान दहा मीटर लांब हवी. पहिला खड्डा पाच-सहा जणांच्या घराला काही वर्षं पुरतो. तो भरला की भांडं आणि खड्डे यांच्या मधल्या चेंबरमधून (छोट्या हौदातून) मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातला मैला दीड-दोन वर्षांत कुजून कोरडं, वास नसलेलं खत होतं. या रचनेला गॅसचा पाइप लागत नाही, गवंडी कितीही म्हणाला तरी. तो सेप्टिक टँकला लागतो.

जगात आजही तीन अब्जांहून जास्त लोकांकडे सुरक्षित स्वच्छतेची सोय नाही. या मोजणीत नुसतं भांडं बसवलेलं चालत नाही, खालच्या मैल्याचं काय होतं तेही पाहतात.