साठीनंतरचं ताट हलकं नको

वय झालं की जेवण हलकं करावं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. सकाळी चहा-बिस्किटं, रात्री मऊ भात आणि पातळ वरण. पचनाच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण वजनं उचलायला सुरुवात केलेल्या साठीतल्या बाईने किंवा पुरुषाने हा सल्ला ऐकला, तर घाम गाळूनही स्नायूंच्या पदरात फारसं काही पडत नाही. म्हातारपणी एका जेवणात प्रथिनं तरुणांपेक्षा जास्त लागतात आणि त्याचं कारण थेट स्नायूच्या पेशीत सापडतं.

स्नायूतली प्रथिनं सतत मोडत आणि नव्याने बनत असतात. बनणं जास्त झालं की स्नायू वाढतो. ते कधी सुरू करायचं हे ठरवण्यात एमटॉर नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो आणि त्याला जागं करणारं मुख्य अमिनो आम्ल (प्रथिनाचा मूळ घटक) म्हणजे ल्युसीन. पेशीत सेस्ट्रिन-2 नावाचं एक प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं. ल्युसीन कमी असेल तर सेस्ट्रिन एमटॉरला जागं करण्याच्या साखळीतल्या गेटॉर-2 या प्रथिनसंचाला धरून ठेवतं. जेवणानंतर रक्तातून पेशीत आलेलं ल्युसीन सेस्ट्रिनला चिकटलं की गेटॉर-2 सुटतो, एमटॉर लायसोसोम या पेशीतल्या छोट्या पिशवीच्या पृष्ठभागावर जाऊन कामाला लागतो आणि रायबोसोम ही पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं भराभर नवी प्रथिनं विणू लागतात. अन्नातला एक रेणू स्वतःच संदेश होतो आणि पुढे त्याच विणकामात कच्चा माल म्हणूनही वापरला जातो. मला हे फार सुंदर वाटतं.

वाढत्या वयात हाच संदेश क्षीण होतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तरुणांच्या स्नायूंचा प्रतिसाद एका जेवणात शरीराच्या किलोमागे सुमारे 0.24 ग्रॅम प्रथिनांवर कमाल पातळीला पोचला, तर सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना त्यासाठी सुमारे 0.40 ग्रॅम लागले. म्हणजे साठ किलोच्या आजोबांना एका जेवणात 24 ग्रॅम. कांदेपोह्यांच्या बशीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात. दोन उकडलेली अंडी घेतली की त्यात बारा ग्रॅमची भर पडते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि वाटीभर दही घेतलं तर आकडा चोवीसच्या जवळ जातो. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसीन भरपूर, पण लायसीन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. ती उणीव डाळ भरून काढते.

नुसतं खाऊन मात्र भागत नाही. 1994 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी 87 वर्षांच्या शंभर अशक्त माणसांवर प्रयोग झाला. दहा आठवडे पायांचे जोरकस व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. ज्यांना फक्त पूरक आहार दिला, त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

दिवसभराचा हिशेब वजनावर ठरतो. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) सामान्य प्रौढांसाठी शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे. वजनं उचलणाऱ्या निरोगी माणसाला 1.6 ग्रॅमच्या पुढे सहसा जास्त फायदा दिसत नाही. पन्नास किलोच्या मुलीला 80 ग्रॅम, ऐंशी किलोच्या मुलाला 128. लठ्ठ माणसाने मात्र काट्यावरच्या वजनाने न मोजता उंचीला साजेशा वजनाने मोजावं, कारण चरबीला एवढी प्रथिनं लागत नाहीत.

व्यायामानंतर अर्ध्या तासात पावडर घेतली नाही तर सगळं फुकट, हा डबे विकणाऱ्यांचा प्रचार आहे. व्यायामाने जागवलेला स्नायू निदान चोवीस तास अन्नाला अधिक प्रतिसाद देतो. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषी हार्मोन घटतात, हीही अफवाच. माणसांवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही आणि सोयाच्या कोरड्या वड्यांच्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं.