कार्डिफचा सिटी हॉल आणि राष्ट्रीय संग्रहालय : कोणता घुमट कोणासाठी?

वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफच्या कॅथेज पार्क भागात पांढऱ्या पोर्टलंड दगडाच्या दोन घुमटदार इमारती शेजारी शेजारी, दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांतली पश्चिमेची सिटी हॉल आणि पूर्वेची राष्ट्रीय संग्रहालय. परंतु छायाचित्रात केवळ घुमट दिसत असला, तर एकीला दुसरी समजण्याची चूक सहज होते.

घड्याळाचा मनोरा ही सर्वांत सोपी खूण. सुमारे ५९ मीटर उंचीचा हा मनोरा सिटी हॉलचाच असला, तरी तो दर्शनी भागाच्या मध्यावर नसून पश्चिमेच्या अंगाला, शेजारच्या न्यायालयाच्या दिशेने सरकवलेला आहे. सिटी हॉल आणि न्यायालय ही दोन्ही बांधकामे लँचेस्टर, स्ट्यूअर्ट आणि रिकर्ड्स या एकाच वास्तुविशारद-त्रयीची असल्यामुळे मनोरा दोघांनाही जोडून घेतो, आणि माझ्या मते साऱ्या आराखड्यातली हीच सर्वांत हुशार चाल आहे. दुसरी खूण घुमटाच्या माथ्यावर : तिथे वेल्सचा ड्रॅगन असेल, तर ती इमारत सिटी हॉल.

ब्यूट घराण्याची ही जमीन नगरपालिकेने १८९८ मध्ये घेतली. कोळशाच्या निर्यातीवर गबर झालेल्या या बंदराला १९०५ मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी सिटी हॉल खुला झाला. शिल्पांनी गजबजलेली त्याची बरोक शैली त्या ऐश्वर्याला साजेशीच होती. स्मिथ आणि ब्रूअर यांच्या संग्रहालयाची पायाभरणी मात्र १९१२ मध्ये झाली. पंचम जॉर्ज यांनी ती केली. युवराज असताना १९०५ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिलाही त्यांनीच बसवली होती. पहिल्या महायुद्धामुळे काम रखडले, १९२२ मध्ये इमारत लोकांसाठी उघडली आणि औपचारिक उद्घाटनाला १९२७ उजाडले. तिची शैलीही संयत आहे : भिंती अधिक सपाट, आणि भर अलंकरणापेक्षा स्तंभांच्या रांगेवर.

खरा फरक आत शिरल्यावर उलगडतो. सिटी हॉलचा घुमट नगरसेवकांच्या सभागृहावर आहे. हे सभागृह प्रवेशद्वाराच्या वर, पहिल्या मजल्यावर असल्याने दारातून येणाऱ्याला घुमटाची पोकळी दिसतच नाही. त्याच्या वाट्याला येतात ते जिने, आणि ते चढून गेल्यावर लागणारा संगमरवरी दालनाचा थाट : सिएनाच्या संगमरवराचे जोडस्तंभ आणि त्यांच्यामध्ये ओवेन ग्लिंदूर, संत डेव्हिड अशा वेल्श विभूतींचे पुतळे, ज्यांचे अनावरण १९१६ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युद्धमंत्री लॉइड जॉर्ज यांनी केले. संग्रहालयात याच्या नेमके उलट घडते. पायऱ्या चढून आत पाऊल टाकताच माणूस थेट घुमटाखालच्या भव्य दालनात येतो आणि त्याची मान आपोआप वर जाते. बाहेरून सारखे वाटणारे हे घुमट अशा रीतीने एक सत्तेच्या बैठकीवर, तर दुसरा साध्या पाहुण्याच्या डोक्यावर धरलेला आहे. मला दुसरा अधिक भावतो, जरी कारागिरीची श्रीमंती पहिल्याकडे असली तरी.

लँचेस्टर यांनी पुढे घुमटाची हौस भारतातही भागवली. जोधपूरचे उमेद भवन त्यांचेच.