धूमकेतूचा ठावठिकाणा काढताना

ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती (म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश) एकदा टिपून ठेवले की वर्षभर कामाला येतात. धूमकेतूच्या बाबतीत मात्र तारीख आणि वेळ सोबत नसेल, तर ते आकडे फुकट. दिवसाला अर्धा-एक अंश तो सहज सरकतो. पृथ्वीजवळून जात असेल तर विचारूच नका: मे १९८३ मध्ये आयरास-अराकी-अल्कॉक हा धूमकेतू सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला, तेव्हा त्याची चाल दुर्बिणीतून काही मिनिटांत कळत होती.

स्थानाचे तक्ते ‘नासा’च्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या ‘होरायझन्स’ संकेतस्थळावर फुकट मिळतात. धूमकेतूचे नाव, आपले अक्षांश-रेखांश, कालावधी आणि एक तासाचा टप्पा भरायचा. हॅली किंवा एन्के शोधलात तर एकाच धूमकेतूच्या बऱ्याच नोंदी समोर येतात, कारण वेगवेगळ्या फेऱ्यांच्या कक्षा वेगळ्या नोंदवलेल्या असतात. त्यातली सर्वांत अलीकडची घ्या. तक्त्यातली वेळ सहसा जागतिक, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सहा तासांची गल्लत झाली, तर रोज एक अंश चालणारा धूमकेतू पाव अंशाने हुकतो. बायनॉक्युलरच्या सहा-सात अंशांच्या दृश्यक्षेत्रात हे खपून जाते, जास्त वर्धनाच्या दुर्बिणीत नाही.

दुसरा खड्डा संदर्भवर्षाचा. तक्ता बहुधा २००० सालच्या निर्देशक चौकटीत असतो, तर बऱ्याच दुर्बिणींचे माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) चालू तारखेची चौकट धरतात. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्याने, दोन्हींत वर्षाला सुमारे ५० विकलांचा फरक पडतो (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला). पंचवीस वर्षांत तो वीस कलांवर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीइतका होतो.

मोबाइलमधल्या आकाशनकाशावर आंधळा विश्वास नको. त्यात साठवलेली कक्षा जुनी झाली की धूमकेतू नकाशात एकीकडे आणि आकाशात दुसरीकडे! ग्रहांचे गुरुत्वाकर्षण कक्षा बदलते हे खरेच, शिवाय तापलेल्या केंद्रकातून (धूमकेतूच्या घन गाभ्यातून) वायूचे झोत सुटतात आणि ते त्याला हलकेच ढकलत राहतात. एन्के धूमकेतू प्रत्येक फेरीत सुमारे अडीच तास लवकर परतत होता, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. म्हणून निरीक्षणाआधी कक्षेचे घटक (कक्षा ठरवणारे आकडे) नव्याने उतरवून घ्यावेत.

जागा बरोबर असूनही काही दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. आठव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा मोठा तितके तेज कमी) धूमकेतूचा प्रकाश पसरलेला असतो, त्यामुळे तो आठव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा बराच फिका भासतो. डोळे वीस मिनिटे अंधाराला सरावू द्या आणि नजर किंचित बाजूला ठेवून बघा. धूसर ठिपका सापडलाच, तर आजूबाजूचे चार-पाच तारे धरून रेखाटन करा आणि दोन तासांनी पुन्हा ताडून पाहा. सरकला नसेल तर तो तेजोमेघ, तारकागुच्छ किंवा दीर्घिका असण्याची शक्यता मोठी. फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएची धूसर ठिपक्यांची यादी अशाच फसगतीतून जन्मली. १७५८ मध्ये त्याला आधी भेटला तो क्रॅब तेजोमेघ.

छायाचित्रात हिशेब सोपा आहे. २०० मिलिमीटरची लेन्स आणि ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ४.४ विकला मावतात. दिवसाला एक अंश म्हणजे मिनिटाला अडीच विकला. माउंट ताऱ्यांमागे फिरत असेल तर साधारण १०५ सेकंदांनंतर धूमकेतू पुसट होऊ लागतो. त्यापेक्षा छोटी छायाचित्रे घेऊन ती केंद्रकावर जुळवावीत. तारे रेषांसारखे ओढले जातील, जाऊ द्यावेत. स्थान मोजायचे असेल तर वेळ उद्भासनाच्या (एक्सपोजरच्या) मध्याची नोंदवा, सुरुवातीची नव्हे, आणि घड्याळ इंटरनेटशी जुळवून घ्या. मिनिटभराची चूकही इथे अडीच विकलांची होते.