स्तन कर्करोग शल्यविशारद होण्यासाठी: पात्रता, प्रवेश परीक्षा, कागदपत्रे आणि नोंदणी

भारतात ‘स्तन कर्करोग शल्यविशारद’ असा स्वतंत्र परवाना वैद्यकीय परिषद देत नाही. परिषदेच्या नोंदवहीत लागते ती पदवी, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांच्या नावापुढे ती ‘एमसीएच, सर्जिकल ऑन्कॉलॉजी’ (कर्करोग शल्यचिकित्सेतील अतिविशेष पदवी) किंवा तिच्या तोडीची, राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाची ‘डॉएनबी’ अशी असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेतील खास प्रावीण्य त्यानंतर फेलोशिपमधून, म्हणजे पदवीनंतरच्या विशेष प्रशिक्षणातून, आणि एखाद्या मोठ्या कर्करोग विभागातील प्रत्यक्ष कामातून येते. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमएस जनरल सर्जरीची तीन आणि एमसीएचची तीन असा हिशेब केला, तर कुठेही खंड न पडता साडेअकरा वर्षे लागतात. बंधपत्रित (बाँडची) सेवा आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीत जाणारा काळ यात धरलेला नाही, आणि तो धरल्याशिवाय घरच्यांना कोणतेही वर्ष सांगू नये.

या प्रवासात तीन मोठ्या प्रवेश परीक्षा आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा अर्ज मागच्या टप्प्याची नोंदणी मागतो. गुणवत्ता यादीत नाव असूनही कागद वेळेत न मिळाल्याने अडचणीत येणारे उमेदवार दरवर्षी असतात. म्हणून पुढील माहितीत अभ्यासापेक्षा कागदांवर अधिक भर दिला आहे.

पहिला टप्पा: एमबीबीएस

नीट-यूजी ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत उमेदवाराचे वय 17 वर्षे पूर्ण झालेले असावे लागते. वयाची वरची मर्यादा आता नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना 40 टक्के गुण आवश्यक असतात. परीक्षा 720 गुणांची असते. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते आणि उरलेल्या 85 टक्के जागा महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष भरतो.

याच ठिकाणी पालकांची धावपळ होते, कारण दोन्ही यंत्रणा एकाच आरक्षणासाठी वेगवेगळे कागद मागतात. राज्याच्या कोट्यात राखीव जागा हवी असेल, तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ज्या प्रवर्गांना लागू आहे त्यांना नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्रही. अखिल भारतीय कोट्यासाठी मात्र इतर मागासवर्गीय उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असणे आणि नॉन क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात असणे आवश्यक असते, त्यामुळे राज्याचा दाखला तिथे चालत नाही. वैधता प्रमाणपत्रासाठी समितीकडे वडील-आजोबांपर्यंतचे पुरावे द्यावे लागतात आणि त्याला महिने लागू शकतात, तेव्हा हा अर्ज अकरावीतच केलेला बरा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास यांचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र ही बाकीची नेहमीची यादी.

नावाचा प्रश्नही इथेच सोडवून घ्यावा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते, तर आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. क्रमातील फरकाने सहसा अडत नाही, पण एका कागदावर मधले नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा आडनावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे आहे, अशा वेळी प्रत्येक पडताळणीत प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या डॉक्टरांनी राजपत्रातील नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवावे. पदवी एका नावाने आणि परिषदेची नोंदणी दुसऱ्या नावाने, अशी स्थिती शक्यतो येऊ देऊ नये.

एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करून एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. ती पूर्ण झाल्यावर कायम नोंदणी मिळते. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना त्याआधी एफएमजीई ही परीक्षा 300 पैकी किमान 150 गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते.

दुसरा टप्पा: एमएस जनरल सर्जरी

नीट-पीजी ही परीक्षा राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ घेते. 200 प्रश्न असतात, बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा 50 पर्सेंटाइल (गुणांची टक्केवारी नव्हे, तर इतर परीक्षार्थींच्या तुलनेतील स्थान) आणि राखीव प्रवर्गांसाठी 40 पर्सेंटाइल अशी असते. अर्जासाठी एमबीबीएसची पदवी किंवा तात्पुरते उत्तीर्णता प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली हवी, हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत दिलेले असते. आजारपणामुळे किंवा गैरहजेरीमुळे ज्यांची इंटर्नशिप लांबली आहे, त्यांनी अर्ज भरण्याआधी सर्वप्रथम हीच तारीख पाहावी.

अर्जात छायाचित्र, स्वाक्षरी आणि अंगठ्याचा ठसा अपलोड करावा लागतो. वरकरणी किरकोळ वाटणारी ही बाब अर्ज अडवू शकते: ठसा पुसट असणे किंवा छायाचित्राची पार्श्वभूमी नियमानुसार नसणे एवढे कारण त्यासाठी पुरते. अशा त्रुटींसाठी मंडळ दुरुस्तीची एक शेवटची संधी देते, पण त्या संधीत केवळ प्रतिमाच बदलता येतात. नाव, राष्ट्रीयत्व, ई-मेल, मोबाइल क्रमांक आणि परीक्षेचे शहर या गोष्टी तर आधीच्या दुरुस्तीच्या मुदतीतही बदलता येत नाहीत. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल क्रमांक टाकून मोकळे होण्याची सवय इथे महागात पडते.

एम्स, चंडीगडची पीजीआय आणि जिपमर यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांतील जागा नीट-पीजीतून भरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो.

एमएसच्या तीन वर्षांत जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण आणि प्रबंध हे दोन्ही बंधनकारक असतात. यांपैकी एखादी गोष्ट अपुरी राहिली, तर अंतिम परीक्षेचे वेळापत्रक हुकते आणि त्यामागोमाग नीट-एसएस या एमसीएचच्या प्रवेश परीक्षेचे वर्षही. ज्यांना पुढे कर्करोग शल्यचिकित्सेकडे जायचे आहे, त्यांनी प्रबंधाचा विषय शक्य असल्यास स्तनाच्या आजारांशी संबंधित घ्यावा. प्रवेशाला त्याचा गुण मिळत नाही, पण फेलोशिपच्या मुलाखतीत तो विचारला जातो.

तिसरा टप्पा: एमसीएच

एमसीएच सर्जिकल ऑन्कॉलॉजीसाठी मुख्य पात्रता म्हणजे एमएस किंवा तिच्या तोडीची, राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाची डीएनबी जनरल सर्जरी. कान-नाक-घसा, अस्थिरोग आणि स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र या विषयांतील पदव्युत्तरांनाही हा अभ्यासक्रम खुला आहे, मात्र स्तनाच्या शस्त्रक्रियेकडे वळणारे बहुसंख्य उमेदवार जनरल सर्जरीतूनच येतात. नीट-एसएस हीदेखील राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचीच परीक्षा आहे. तिच्यात 150 प्रश्न अडीच तासांत सोडवायचे असतात आणि शल्यचिकित्सा गटाची प्रश्नपत्रिका जनरल सर्जरीच्या पदव्युत्तर पातळीची असते. त्यामुळे केवळ कर्करोगाचा अभ्यास करून ही परीक्षा साधत नाही, हर्नियापासून भाजलेल्या रुग्णापर्यंत सगळी सर्जरी पुन्हा वाचावी लागते.

याच परीक्षेतून टाटा स्मारक रुग्णालयातील जागाही भरल्या जातात. मुंबईत 1941 मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाची एमसीएच पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थान देते. एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही स्वतंत्र परीक्षा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ‘ब्रेस्ट, एंडोक्राइन आणि जनरल सर्जरी’ या नावाचा एमसीएच अभ्यासक्रम आहे, आणि एंडोक्राइन (अंतःस्रावी ग्रंथींच्या) सर्जरीतील एमसीएच हाही या क्षेत्रात येण्याचा एक मान्य मार्ग आहे. मात्र तिथे थायरॉइड आणि स्तन दोन्ही आजारांचे काम असते, हे पसंतीक्रम भरताना लक्षात ठेवावे.

समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेच्या, वेळी नीट-एसएसचे प्रवेशपत्र व निकालपत्र, जागावाटपाचे पत्र, एमबीबीएस आणि एमएसच्या गुणपत्रिका व पदव्या, जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि परिषदेच्या नोंदणीची प्रमाणपत्रे मूळ स्वरूपात दाखवावी लागतात. एमबीबीएसची नोंदणी असली, म्हणजे एमएसची आपोआप होत नाही. ती ‘अतिरिक्त पात्रता’ म्हणून राज्य परिषदेकडे वेगळा अर्ज करून चढवून घ्यावी लागते, आणि अनेक जण हे काम एमसीएचची जागा मिळेपर्यंत पुढे ढकलतात. जागा दुसऱ्या राज्यात मिळाली, तर मूळ परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी करावी लागते, हे आणखी एक काम वाढते.

समुपदेशनासाठी परत न मिळणारे नोंदणी शुल्क आणि 2,00,000 रुपयांची परत मिळणारी अनामत भरावी लागते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारून अनामत न गमावता बाहेर पडता येते, पण दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागेवर रुजू न झाल्यास अनामत जप्त होते. नंतर पाहू असे म्हणत नको असलेली महाविद्यालये पसंतीक्रमात टाकू नयेत. एकदा अभ्यासक्रमाला रुजू होऊन मध्येच सोडणाऱ्याला त्या अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी संपेपर्यंत नीट-एसएसला बसण्यावर निर्बंध येतो.

बंधपत्राचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून शिकलेल्यांना पदवीनंतर एक वर्षाची सेवा द्यावी लागते आणि ती न दिल्यास दंडाची रक्कम भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये राज्यांची अशी बंधपत्रे वैध ठरवली, त्यामुळे न्यायालयात जाऊन सुटका होईल या आशेवर योजना आखू नये. एमएसची बंधपत्रित सेवा शिल्लक असताना एमसीएचची जागा मिळाली, तर सेवा पुढे ढकलण्याची परवानगी आणि मूळ कागदपत्रे परत मिळवण्याचे पत्र हे दोन्ही लेखी हातात असल्याशिवाय नव्या महाविद्यालयाच्या वाटेला लागू नये. लिपिकाने तोंडी दिलेला होकार पडताळणीच्या टेबलावर उपयोगी पडत नाही.

एमसीएचमधील शिक्षण आणि त्यानंतर

एमसीएचच्या तीन वर्षांत उमेदवार डोके-मान, पोट, स्त्रीरोग आणि स्तन अशा विभागांतून फिरतो. स्तन विभागातील कामाची खरी परीक्षा काखेत होते. काखेतील लसीका ग्रंथी काढताना छातीच्या भिंतीवरून उतरणारी लाँग थोरॅसिक चेता ओळखून वाचवावी लागते, कारण ती दुखावली, तर खांद्याचे पाते पाठीतून पंखासारखे बाहेर येते आणि रुग्णाला हात डोक्यावर नेणे अवघड होते. सर्वच ग्रंथी काढण्याऐवजी निळा रंग आणि किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिली ग्रंथी शोधण्याची सेंटिनेल बायोप्सी याच काळात हाती बसते. मिलान आणि अमेरिका येथील दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, योग्य रुग्णांमध्ये, आयुर्मान पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, हे त्यांतून दिसले. त्यामुळे आजचे प्रशिक्षण कापण्याइतकेच राखण्याचे आणि घडवण्याचे आहे: गाठ काढल्यावर उरलेल्या ऊतीतून स्तनाला पुन्हा आकार कसा द्यायचा, किरणोपचार कुठे बसतो, केमोथेरपी आधी द्यावी की नंतर, या सर्व गोष्टी ट्यूमर बोर्डात, म्हणजे रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घेणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, वैद्यकीय आणि किरणोपचार तज्ज्ञांसमोर मांडाव्या लागतात.

शस्त्रक्रियांची नोंदवही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी. प्रत्येक नोंदीत शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि आपण मुख्य शल्यविशारद होतो की मदतनीस, हे लिहून वरिष्ठांची स्वाक्षरी त्याच आठवड्यात घ्यावी. वरिष्ठ बदलून गेल्यावर जुन्या नोंदींवर सही मिळवणे फार कठीण जाते आणि स्तन शल्यचिकित्सेच्या फेलोशिपच्या अर्जात हीच नोंदवही सर्वांत आधी पाहिली जाते. फेलोशिपसाठी सहसा संस्था थेट अर्ज मागवतात. एमसीएचची पदवी किंवा उत्तीर्णता प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी, विभागप्रमुखांचे शिफारसपत्र आणि प्रसिद्ध झालेले शोधनिबंध एवढे कागद तयार ठेवले, तर बहुतेक अर्ज त्यात भागतात. केवळ एमएसवर फेलोशिप देणाऱ्या संस्थाही आहेत, आणि वय किंवा कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे ज्यांना एमसीएच शक्य नाही, त्यांच्यासाठी तो मार्ग कमी दर्जाचा नाही. मात्र फेलोशिपचे प्रमाणपत्र परिषदेच्या नोंदवहीत पदवी म्हणून लागेलच असे गृहीत धरू नये.

एमसीएच पूर्ण झाल्यावर ती पदवीही अतिरिक्त पात्रता म्हणून परिषदेकडे नोंदवावी लागते, आणि त्यानंतरच विशेषज्ञ म्हणून तिचा उल्लेख नावापुढे करावा. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे 30 गुण जमवावे लागतात. वैद्यकीय संमेलनांमध्ये मिळणारी उपस्थिती प्रमाणपत्रे तेव्हाच स्कॅन करून ठेवली, तर पाचव्या वर्षी शोधाशोध करावी लागत नाही.