घरगुती बिअरनिर्मिती

मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, गोड रस काढायचा, तो हॉप्स (एका वेलीची कडू, सुगंधी फुले) घालून उकळायचा, थंड करून यीस्टने आंबवायचा आणि बाटल्यांत भरायचा, अशी ही प्रक्रिया आहे. ती विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःपुरती आणि लहान प्रमाणावर केली जाते. न आंबलेल्या रसाला वोर्ट म्हणतात. एका खेपेला साधारण २० लिटर बिअर केली जाते आणि खाली दिलेली मापे त्याच हिशेबाची आहेत. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. इतरत्र नियम निरनिराळे आहेत आणि काही ठिकाणी परवान्याशिवाय बिअर करणे हा गुन्हा ठरतो, त्यामुळे भांडी घेण्याआधी स्थानिक कायदा पाहावा.

नवशिक्याचे सगळे लक्ष पाककृतीवर असते. बिअर बिघडते ती मात्र बहुधा उकळण संपल्यानंतर: अस्वच्छ नळीमुळे, यीस्ट घालताना केलेल्या घाईमुळे किंवा पहिल्या तीन दिवसांत वाढलेल्या तापमानामुळे.

साहित्य आणि पाण्याचा हिशेब

साध्या फिकट एलसाठी (एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) ४.५ किलो फिकट माल्ट पुरतो. त्यातून सुमारे १.०४८ विशिष्ट गुरुत्वाचा (पाण्याच्या तुलनेतली घनता; पाण्याची १.०००) वोर्ट मिळतो. दळण-गाळणाचा खटाटोप नको असेल तर ३ किलो पातळ किंवा २.५ किलो कोरडा माल्ट अर्क घ्यावा. अर्काची बिअर कमी दर्जाची असते हा समज चुकीचा आहे. जुना, काळवंडलेला अर्क मात्र वाईटच.

पाणी एकदम मोजून ठेवावे. दाणे किलोमागे जवळजवळ एक लिटर पाणी शोषून घेतात, तासाभराच्या उकळणीत ३ ते ४ लिटर उडून जाते आणि तळाच्या गाळात एक-दीड लिटर अडकते. म्हणजे २० लिटर बिअरसाठी सुरुवातीला साधारण २९ ते ३० लिटर पाणी हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढलेच पाहिजे, कारण त्याचा फिनॉलांशी संयोग होऊन मलमपट्टीसारखा औषधी वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. साधे क्लोरीन उकळून उडते, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) सहज उडत नाही. दोन्हींवर चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरते. कॅम्पडेनची, म्हणजे मेटाबायसल्फाइटची तयार, अर्धी गोळी ३० लिटरला भरपूर होते.

मॅश आणि उकळण

दाणे भरडावेत, पीठ करू नये. टरफल शाबूत राहिले तरच रस गाळला जातो. १२ लिटर पाणी ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात दाणे घातले की मिश्रण ६६ अंशांच्या आसपास स्थिरावते. त्याच तापमानाला ते तासभर झाकून ठेवावे. या टप्प्याला मॅश म्हणतात. ६३ ते ६५ अंशांना बीटा-अमायलेज हे स्टार्चची साखर करणारे विकर जोरात असते, आंबणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर कोरडी लागते. ६८ ते ७० अंशांना न आंबणाऱ्या शर्करा वाढून बिअरला अंग, म्हणजे भरीवपणा, येतो. त्यामुळे बिअर फार पाणचट किंवा फार जड झाली तर पहिला संशय तापमापकावर घ्यावा. स्वस्त तापमापक दोन-तीन अंशांनी सहज चुकतो. तो वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा.

रस काढल्यावर उरलेल्या पाण्याने दाणे धुतात. ते पाणी ७७ अंशांपेक्षा गरम नसावे, नाहीतर टरफलातले टॅनिन उतरून चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा येतो. गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी भरले तर बहुतेक वेळा भरडणी जाड झालेली असते. त्या दिवसापुरता उपाय म्हणजे कोरडा माल्ट अर्क: दर १०० ग्रॅममागे २० लिटरचे गुरुत्व सुमारे ०.००२ ने चढते.

उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो, म्हणून भांड्याचा एक तृतीयांश भाग रिकामा असावा आणि त्या क्षणी तिथून हलू नये. कडवटपणासाठीचे हॉप्स ६० मिनिटे उकळावे लागतात, कारण हॉप्समधल्या अल्फा आम्लांचे कडू द्रव्यांत रूपांतर व्हायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. ६ टक्के अल्फा आम्लाचे ३० ग्रॅम हॉप्स तासभर उकळल्यास साधारण २२ आयबीयू (कडवटपणाचे आंतरराष्ट्रीय एकक) इतका कडवटपणा मिळतो. सुगंधाचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत किंवा आच बंद केल्यावर घालतात. भांड्यावर पूर्ण झाकण ठेवू नये: उकडलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा वास देणारे डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर गेले पाहिजे. पिल्सनर माल्टमध्ये त्याचे मूळ द्रव्य जास्त असते, म्हणून तो ९० मिनिटे उकळतात.

थंड करणे आणि यीस्ट

उकळणीने सगळे निर्जंतुक झालेले असते. इथून पुढे वोर्टला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुतलेली आणि मग निर्जंतुक केलेली हवी. ही दोन वेगळी कामे आहेत, कारण चिकट थराखाली जंतुनाशक पोचत नाही. धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट आणि निर्जंतुकीकरणासाठी फॉस्फरिक आम्लावर आधारित, न विसळता चालणारे द्रावण ही जोडी सोयीची पडते. अशा द्रावणाचा राहिलेला फेस बिअरला बाधत नाही. ब्लीच वापरायचे झाले तर अतिशय काळजीपूर्वक विसळावे लागते, म्हणून ते टाळलेलेच बरे. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावू नये, कारण ओरखड्यांत जंतू घर करतात. तोटीचे आटे सुटे करून धुवावेत. वारंवार होणाऱ्या संसर्गाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरवून वोर्ट अर्ध्या तासात २० अंशांखाली आणावा. तो किण्वनपात्रात उंचावरून ओतावा किंवा पात्र जोरात हलवावे, म्हणजे यीस्टला वाढीसाठी प्राणवायू मिळतो. हवा द्यायची ती एवढ्याच टप्प्यावर. एलसाठी ११.५ ग्रॅमचे कोरड्या यीस्टचे एक पाकीट पुरते. लागरला, म्हणजे थंड तापमानाला आंबवलेल्या बिअरला, दोन लागतात. यीस्ट गरम वोर्टमध्ये टाकू नये.

किण्वन

एलसाठी १८ ते २० अंश आणि लागरसाठी ९ ते १२ अंश तापमान ठेवावे. हे आकडे खोलीचे नसून पात्रातल्या द्रवाचे आहेत. किण्वन ऐन भरात असताना स्वतःची उष्णता निर्माण करते आणि द्रव खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम राहतो. खोली २४ अंशांवर आहे म्हणून निर्धास्त राहिले, की पात्रात २८ अंश होतात आणि त्यातून थिनरसारखा वास व डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले तयार होतात. पहिल्या ७२ तासांत तापमान सांभाळले की पुढे थोडे वाढले तरी बिघडत नाही. फ्रिज नसेल तर पात्र पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. याहून सोपा मार्ग म्हणजे क्वाइक. नॉर्वेतल्या शेतघरांमधून आलेले हे यीस्ट ३० ते ३५ अंशांनाही स्वच्छ आंबवते.

एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप) बुडबुडे येत नाहीत, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. बादलीचे झाकण किंचित गळत असेल तर वायू तिथून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. झाकणाखाली फेस किंवा पात्राच्या भिंतीवर तपकिरी कडे दिसले तर किण्वन झालेले आहे. यीस्टला सुरू व्हायला १२ ते २४ तास लागणे नेहमीचे आहे. ७२ तासांनंतरही गुरुत्व तसूभर हलले नसेल तर नवे यीस्ट घालावे.

खरा निर्णय हायड्रोमीटरचा, म्हणजे गुरुत्व मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या उपकरणाचा. नमुना दोन पेल्यांत आलटून-पालटून ओतून वायू काढून टाकावा, नाहीतर बुडबुडे उपकरणाला चिकटून ते वर उचलतात. नळकांड्यात हायड्रोमीटर हलकेच फिरवून सोडावा आणि द्रवाच्या सपाट पातळीवरचा आकडा वाचावा. काचेलगत वर चढलेली कड धरू नये. नमुना २० अंशांचा असावा, कारण गरम द्रवात आकडा कमी दिसतो. तपासलेला नमुना परत पात्रात ओतू नये. आरंभीच्या गुरुत्वातून अंतिम गुरुत्व वजा करून १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी येते. १.०४८ वरून १.०११ वर उतरलेली बिअर साधारण ४.९ टक्क्यांची असते.

गुरुत्व १.०२० च्या आसपास अडकले तर पात्र हलकेच घुसळून तळाचे यीस्ट उठवावे आणि तापमान २१-२२ अंशांवर न्यावे. त्यानेही फरक पडला नाही आणि मॅश फार गरम झाला होता असे लक्षात आले, तर उरलेली साखर आंबणारीच नाही. ती बिअर तशीच गोडसर स्वीकारावी.

पृष्ठभागावरचा तपकिरी, गुठळ्यांचा फेस, तरंगणारे यीस्टचे तराफे किंवा हॉप्सचा हिरवा गाळ हा संसर्ग नव्हे. कोरड्या, पांढऱ्या, सुरकुतलेल्या सायीसारखा पापुद्रा आणि त्याखाली अडकलेले मोठे बुडबुडे दिसले, तर रानटी यीस्ट किंवा जीवाणू शिरले असे समजावे.

बाटलीबंदी

यात चूक झाली तर ती केवळ चवीची राहत नाही. काच फुटते. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने तंतोतंत जुळली तरच बाटल्या भराव्यात. न आंबलेल्या गुरुत्वाचा प्रत्येक ०.००१ बाटलीत जवळपास अर्धे आकारमान कार्बन डायऑक्साइड वाढवतो (एक आकारमान म्हणजे बिअरच्या घनफळाइतका वायू). प्रायमिंगच्या, म्हणजे वायूसाठी बाटलीबंदीच्या वेळी घालायच्या, साखरेत आणखी ०.००४ ची भर पडली, तर वायू साडेचार आकारमानांवर जातो आणि साधी बाटली ते झेपवू शकत नाही.

लिटरमागे ६ ग्रॅम साधी साखर, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम, इतकी घातली की २.४ आकारमानांच्या आसपास वायू मिळतो. साखर चमच्याने नव्हे, वजनाने मोजावी. थोड्या पाण्यात उकळून ती रिकाम्या बादलीत आधी ओतावी आणि वर नळीने बिअर सोडावी, म्हणजे सारखी मिसळते. फेसाळू देऊ नये, नाहीतर ऑक्सिडेशनने काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडून झाकण दाबावे आणि बाटल्या २० अंशांना दोन आठवडे ठेवाव्यात. एक बाटली प्लास्टिकची भरून ठेवावी. ती दाबून दगडासारखी लागली की वायू तयार झाला असे समजावे आणि सारा साठा थंडीत हलवावा.

बिअर सपाट राहिली तर साठवण थंड होती, झाकण गळते आहे किंवा नुसती घाई झाली आहे. फेस उसळून सांडत असेल तर किती बाटल्यांत तसे होते ते पाहावे. सगळ्याच उसळत असतील तर किण्वन अपुरे होते, साखर जास्त पडली किंवा संसर्ग पात्रातच झाला. मोजक्याच उसळत असतील तर त्या बाटल्या अस्वच्छ होत्या किंवा साखर नीट मिसळली नव्हती. जास्त दाबाच्या बाटल्या हाताळताना चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत. आधी त्या फ्रिजमध्ये पूर्ण गार कराव्यात, मगच झाकण सैल करावे.

चवीवरून निदान

लोण्याची चव डायअॅसिटिलची असते. यीस्टला ते परत शोषायला वेळ मिळालेला नसतो. लागर किण्वनाच्या अखेरीस दोन-तीन दिवस १६ ते १८ अंशांना ठेवल्यास ती जाते. हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा: बिअर यीस्टवरून लवकर काढली गेली. केळे आणि लवंग गव्हाच्या बिअरमध्ये हवेसे असतात, पण फिकट एलमध्ये लवंग आली तर रानटी यीस्टचा संशय घ्यावा. सडक्या अंड्याचा वास लागरच्या किण्वनात नेहमीचा आहे आणि बहुधा आपोआप ओसरतो. झणझणीत आंबटपणा मात्र जात नाही. ती खेप टाकून द्यावी आणि नळ्या बदलाव्यात.

मिथेनॉलची भीती इथे गैरलागू आहे. माल्टमध्ये पेक्टिन नगण्य असते आणि ऊर्ध्वपातन होत नसल्यामुळे काही गोळाही होत नाही. बंद खोलीत साचणारा कार्बन डायऑक्साइड हा खरा धोका आहे, म्हणून लहानशा कपाटवजा खोलीत दोन-तीन पात्रे एकदम लावू नयेत.

तयार बिअर तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवावी. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून आलेला प्रकाश हॉप्सच्या कडू द्रव्यांचे विघटन करून उग्र दुर्गंधी थिऑल (गंधकयुक्त संयुग) तयार करतो. कडक उन्हात त्याला काही मिनिटेही पुरतात.