पाठ्यपुस्तकाचा हक्क आणि मूळ फाईल : दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठीच्या धोरणांची पार्श्वभूमी

अमृतसर येथे १८८७ मध्ये आणि मुंबईत १९०० मध्ये मिशनरी प्रयत्नांतून अंधशाळा सुरू झाल्या, तेव्हापासून कित्येक दशके दृष्टिबाधित मुलांच्या पुस्तकांचा भार मुख्यतः सेवाभावी संस्थांनीच वाहिला. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि देहरादूनला मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. मात्र विशेष पुस्तके विनामूल्य देण्याच्या योजना आखण्याचे बंधन शासनावर आले ते १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने.

खरी अडचण स्वामित्वहक्काची होती. पुस्तक स्कॅन करून स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक प्रणालीला) वाचता येईल अशी प्रत परवानगीविना तयार करणे, हा कायद्याने हक्कभंग ठरत असे. २०१० च्या स्वामित्वहक्क दुरुस्ती विधेयकात सवलत प्रस्तावित झाली, पण ती ब्रेलसारख्या खास स्वरूपांपुरतीच. ब्रेल न येणाऱ्या, संगणकावर किंवा ध्वनिमुद्रणातून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा काहीच लाभ झाला नसता. दृष्टिबाधितांच्या संघटनांनी ही उणीव चिकाटीने मांडली, संसदीय स्थायी समितीनेही व्याप्ती वाढवण्याची शिफारस केली, आणि २०१२ च्या कायद्याने कोणत्याही सुगम स्वरूपातील प्रत नफा न घेता तयार करण्यास मुभा दिली. या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा विजय मानावा लागेल. दृष्टिबाधितांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती काढण्यास मुभा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले, तर त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क अधिनियमाने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य पुस्तकांची तरतूद केली.

तथापि प्रत काढण्याची मुभा मिळणे वेगळे आणि प्रकाशकाने पुस्तकाची मूळ संगणकीय फाईल देणे वेगळे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९१ मध्येच पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांवर ब्रेलसाठी संगणकीय फाईल देण्याची सक्ती केली होती. मराठीत या फाईलचे महत्त्व अधिकच आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाण संगणकीय पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असल्याने स्क्रीन रीडर तो निरर्थक उच्चारतो. पान स्कॅन केले, तर जोडाक्षरे फुटतात आणि कोणा स्वयंसेवकाला ओळ न् ओळ तपासावी लागते. नकाशे व भूमितीच्या आकृत्या तर नव्याने उठावदार कराव्या लागतात. महाराष्ट्रात १९६७ पासून बहुतांश शालेय पुस्तके बालभारती हे राज्याचेच मंडळ तयार करते. म्हणजे त्या पुस्तकांची युनिकोड फाईल छपाईबरोबरच उपलब्ध करून देण्यासाठी शासनाला कोणा खासगी प्रकाशकाची मनधरणी करावी लागणार नाही.